कामगारमंत्र्यांस खुले पत्र: हुद्द्याआड गेलेले तास

माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई, यांस



गिरगावातील खोताच्या वाडीत लाकडी सज्जांची आणि बाहेरून जिने असलेली जुनी घरे पाहण्यास देशोदेशीचे पाहुणे येतात, आणि येथे काळ थांबला आहे असे उद्गार काढून जातात. परंतु याच घरांतील तरुण भाडेकरू लोअर परळच्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील कचेऱ्यांतून रात्री अकराला परततात व जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसतात, हे त्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नाही.

पूर्वीच्या कारकुनांस मनस्ताप नव्हता, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. साहेबाची मर्जी, न जुळणारी बाकी आणि मार्चअखेरच्या रात्री त्यांनाही ठाऊक होत्या. तथापि खातेवही फोर्टातच राहत असे. चर्नी रोडला उतरून वाडीत शिरलेल्या मनुष्यास निरोप पोहोचविणे हे स्वतः साहेबासच गैरसोयीचे होते, आणि त्या गैरसोयीच्या आश्रयाने कित्येक संसार सुखाने चालले. आज ती गैरसोय उरलेली नाही. आठ तास झोप घ्यावी, असा उपदेश करणारे कल्याणविषयक परिपत्रकही रात्री साडेदहाला फोनवर येते, असे आमच्या शेजारचा एक तरुण सांगतो. सांगताना तो हसतो, परंतु त्या हसण्यात करमणुकीचा भाग अल्पच असतो.

2024 च्या जुलैमध्ये एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेच्या पुणे कचेरीतील 26 वर्षांची सनदी लेखापाल नोकरीस लागल्यापासून चार महिन्यांतच मृत्यू पावली. कामाचा असह्य भार हे कारण असल्याचे तिच्या मातेने संस्थेच्या प्रमुखांस पत्र लिहून कळविले. संस्थेने ते मान्य केले नाही. कार्यकारणाचा तो निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्यानंतर आपल्याच खात्याच्या अधिकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा 2007 पासून चाललेल्या त्या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे उघडकीस आले. इतकी वर्षे जी कचेरी सरकारी दफ्तरात नव्हती, तेथील तास कोण मोजणार होते?

3 सप्टेंबर 2025 रोजी मंत्रिमंडळाने याच कायद्याखालील दैनिक कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची 125 तासांवरून 144 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे 48 तास कायम आहेत व जादा कामास दुप्पट वेतन आहे, हा खुलासा मी वाचला आहे. माझा मुख्य आक्षेप त्या दहाव्या तासास नाही. 2017 च्या मूळ कायद्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदावरील नोकरांस वगळलेले आहे, आणि ज्याच्या हाताखाली एक शिपाईही नाही अशा पंचविशीतील मुलास 'असिस्टंट मॅनेजर' म्हणविण्यास मालकास कागदाच्या एका तुकड्यापलीकडे काही खर्च येत नाही. घरच्यांस हुद्द्याचा अभिमान वाटतो. मुलगा मात्र आपण कायद्याबाहेर आहोत असे समजून दाद मागण्याचा विचारही सोडून देतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. गिरणीच्या भोंग्यास कामगार शिव्या देत, पण तो पाळी सुटल्याचाही वाजे. त्याच गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत सुटण्याची वेळ सांगणारे काहीच नाही. मानसिक व्यथेसाठी शासनाने चालविलेली 14416 ही दूरध्वनीसेवा उपयुक्त आहे, आणि तिचा क्रमांक प्रत्येक कचेरीत लावावा. परंतु मन खचल्यानंतर आधार देणे हे तिचे काम, ते खचविणारे तास मोजणे हे आपल्या खात्याचे.

म्हणून विनंती अशी की, वगळलेल्या पदांची व्याख्या नावावरून न करता प्रत्यक्ष अधिकारांवरून, म्हणजे रजा मंजूर करणे, नेमणूक करणे यांवरून करावी. कचेरी सुटल्यानंतर फोनवर सोपविलेले काम हजेरीत धरण्याची तजवीज नियमांत करावी. आणि मोठ्या कचेऱ्यांची तपासणी तक्रारीची वाट न पाहता करावी, कारण नोकरी टिकवू पाहणारा मनुष्य सहसा तक्रार करीत नाही. तिन्ही गोष्टी एकदम होणार नसतील तर पहिली आधी घ्यावी. तिच्यावाचून बाकीच्या दोहोंचा लाभ त्या 'मॅनेजरां'पर्यंत पोहोचणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
खोताच्या वाडीतील एक रहिवासी