नमाजची वेळ आणि कॉलेजचं टाइमटेबल

'नमाजला सारखं लेक्चर सोडून जावं लागतं का रे?' कॅन्टीनमध्ये हा प्रश्न तुम्ही विचारला असेल, नाहीतर तुम्हाला कुणी विचारला असेल. उत्तर आहे, नाही. आणि ते दोन्ही बाजूंना नीट माहीत नसतं, म्हणूनच वाद होतात.

नमाजची वेळ घड्याळावर नाही, सूर्यावर ठरते. पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत फज्र. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर, सावली लांबली की असर, सूर्य बुडाला की मगरिब आणि संधिप्रकाश विझला की इशा. म्हणजे प्रत्येक नमाजला ठरावीक मिनिट नसतं, अवधी असतो. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो साधारण १२.२० ते १२.५५ च्या दरम्यान, नागपुरात त्याच्या साधारण २५ मिनिटं आधी. असरचं तर आणखी मजेशीर. वस्तूची सावली दुपारच्या सावलीपेक्षा वस्तूच्या उंचीएवढी वाढली की शाफई लोकांची असर सुरू होते, हनफी लोकांची ती दुप्पट वाढल्यावर. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे हनफी. त्यामुळे हॉस्टेलच्या एकाच खोलीत रत्नागिरीचा आणि बीडचा पोरगा राहत असतील, तर दोघांच्या मोबाइलवर असरच्या दोन वेळा दिसतात. दोन्ही बरोबर!

आता टाइमटेबल बघा. जोहरला दुपारी तीन तासांहून जास्त अवधी असतो, एखाद्या ब्रेकमध्ये ती आरामात होते. तेव्हा 'नमाज होती' हे लेक्चर बंक करायचं कारण होऊ शकत नाही, हे मुसलमान दोस्तांनाही सांगायला हवं.

खरी अडचण दोनच ठिकाणी येते. एक मगरिब. तिचा अवधी जेमतेम सव्वा तासाचा, आणि सूर्यास्त जुलैत ७.२० ला, नोव्हेंबरअखेर ६ ला. जूनमध्ये न टोचणारं प्रॅक्टिकल ऐन परीक्षेच्या महिन्यात टोचतं ते यामुळे. पण इथे दहा मिनिटांची सुट्टी मिळाली तरी भागतं.

दुसरी शुक्रवारची जुम्मा. ती जमातीनेच पढायची असते, मागाहून एकट्याने उरकता येत नाही. मशिदीत ती साधारण एक ते दोनच्या सुमारास होते. नेमकी त्याच वेळी व्हायवा ठेवली की पोराला दोन्हींतलं एक सोडावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की शुक्रवारी जेवणाची सुट्टी एक ते दोन ठेवा. सुट्टी द्यायचीच असते, फक्त सरकवायची. यात लाड कसले? डबा तर सगळेच खाणार.

मुलींबद्दल मात्र कुणी बोलतच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत बायकांची सोय नसते, त्यामुळे ब्रेकमध्ये त्या जाणार कुठे? एखादा रिकामा वर्ग, जवळ हातपाय धुवायला नळ, बास. याला ना बजेट लागतं ना ठराव. लागतो तो किल्ली देणारा शिपाई आणि त्याला सांगणारे एक सर.

पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल अजून नोटीस बोर्डावर लागलं नसेल, तर सीआरला आत्ताच गाठा. आणि सीआर तुम्हीच असाल, तर एचओडींकडे जाताना सोबत हिंदू मित्रालाही न्या. एकाच समाजाच्या पोरांनी मागितलं की त्याचं लगेच राजकारण होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.