शाखा कार्यकर्त्यांची, पक्ष कोणाचा?

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरची जुनी बाजारपेठ आणि शहराच्या राजकारणाची नाडीही. तत्कालीन औरंगाबादेत ८ जून १९८५ रोजी शिवसेनेची पहिली शाखा स्थापन झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८८ मधील महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत, ६० पैकी २७ जागा जिंकून शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. गुलमंडी हा तिचा बालेकिल्ला मानला जाऊ लागला. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला तेव्हा जिल्ह्यातील सहापैकी पाच आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि पक्ष नेमका कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार त्यांच्याकडे, हा मुख्य आधार होता. पक्षाची २०१८ मध्ये बदललेली घटना आयोगाला लोकशाहीस धरून वाटली नाही. त्यामुळे संघटनेतील बहुमताची कसोटी बाजूला पडली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे स्पष्ट केले. तरीही १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांचा निर्णय विधिमंडळातील बहुमतावरच येऊन ठेपला. शाखा चालविणाऱ्या कार्यकर्त्याचे मत या साऱ्या मोजणीत कोठेच नव्हते.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्‌बोधक ठरतो. १७८७ मध्ये तयार झालेल्या तेथील राज्यघटनेत पक्षांचा उल्लेख नाही. १७९६ मधील निरोपाच्या संदेशात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी गटबाजीच्या धोक्याचा इशारा दिला होता. पण तोवर हॅमिल्टन आणि जेफरसन यांच्याभोवती पक्ष आकार घेत होते. प्रारंभी अध्यक्षपदाचा उमेदवार काँग्रेसमधील सदस्य ठरवीत. १८३० च्या दशकात तो अधिकार पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांकडे गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांनी प्राथमिक निवडणुका सुरू केल्या आणि १९७२ पासून त्याच निर्णायक ठरल्या. म्हणजे उमेदवारीची चावी नेत्यांच्या हातून टप्प्याटप्प्याने सामान्य मतदाराकडे आली.

ही पद्धत निर्दोष नाही. प्रचाराचा खर्च प्रचंड असतो आणि २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातील अनेक ज्येष्ठांचा विरोध असूनही डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी मिळविली. मात्र तेथे पक्ष कोणा एका घराण्याची किंवा आमदारांच्या एका गटाची मालमत्ता ठरत नाही, हेही तितकेच खरे.

भारताच्या मूळ राज्यघटनेतही पक्षांना स्थान नव्हते. १९८५ मध्ये ५२ व्या दुरुस्तीने दहावी अनुसूची जोडली गेली. तिने पक्षांतर करणाऱ्या आमदारावर अंकुश ठेवला, पण पक्षाच्या अंतर्गत कारभाराला हात लावला नाही. उमेदवार वरून ठरतात, पदाधिकारी वरून नेमले जातात आणि फूट पडली की आमदारांची शिरगणती होते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत येथे धनुष्यबाणावर संदिपान भुमरे विजयी झाले. चार वेळा खासदार राहिलेले ठाकरे गटाचे चंद्रकांत खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. मतदाराने आपला कौल दिला. परंतु कोणत्याही पक्षात कार्यकर्त्याला असा कौल देण्याची संधी कायद्याने मिळत नाही, तोवर पुढच्या फुटीतही त्याने केवळ कोणाच्या मागे जायचे एवढेच ठरवायचे उरेल.