खुंटीवर ठेवलेले काम

एखादे काम 'खुंटीला टांगले' म्हटले, की आपण ते कायमचे गेले असे समजतो. हा खुंटीवर अन्यायच आहे. आंघोळीला जाताना सदरा आपण खुंटीला अडकवतो तो टाकून देण्यासाठी नव्हे, तर कोरडा राहावा म्हणून. हातातले अर्धे काम असे घटकाभर बाजूला ठेवता येणे ही एक कला आहे आणि तिचा उत्तम नमुना मला यंदा संगणकाच्या पडद्यावर पाहायला मिळाला.

माझा पुतण्या मालेगावला राहतो. यंत्रमागांचे नाशिककडील मालेगाव नव्हे. आमचे वाशीम जिल्ह्यातले, सोयाबीन नि तुरीच्या मुलखातले. घरी बसून तो अडत दुकानांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहितो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक भरात असताना एका अडत्याचा फोन आला. काही हिशेबपट्ट्यांवर हमाली दोनदा कापली जात होती. रक्कम थोडकी, पण ज्याने हंगामाचे पीक काट्यावर घातले, त्याच्या हातात सणाला तेवढे पैसे कमी पडणार. शिवाय पट्टीवरचा त्याचा विश्वास उडाला, तर तो परत कोण आणून देणार?

अडचण अशी, की पुतण्याने त्याच प्रोग्रॅमचे दुसरे काम अर्धे उघडून ठेवले होते. पट्टीच्या नव्या नमुन्याच्या दोन फायली अजून धड चालत नव्हत्या. हमालीची चूक तिसऱ्या फाइलीत होती. ती त्याने तासाभरात दुरुस्त केली. पण सगळे तसेच पाठवावे, तर दुकानात पट्टीच छापली गेली नसती. मी विचारले, "मग एक नक्कल काढून ठेवता येत नाही का?"

तो हसून म्हणाला, "काकाजी, मग 'पट्टी नवी', 'पट्टी नवी दोन', 'पट्टी खरी शेवटची' अशी नावं पडतात. आठ दिवसांनी खरी कोणती, ते मलेच समजत नाही."

त्याच्या साधनाचे नाव 'गिट'. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्याच कामासाठी सुरू केले. गिट म्हणजे बदलांची रोजनिशी. पुरा झालेला बदल 'कमिट' करून तिच्यात नोंदवायचा. अपुऱ्या बदलांसाठी मात्र 'स्टॅश' नावाची खुंटी आहे. नुसते 'गिट स्टॅश' म्हटले, की गिटला ठाऊक असलेल्या सर्व फायलींतले अपुरे बदल खुंटीवर जातात आणि फायली शेवटच्या कमिटसारख्या होतात.

परंतु इथे सगळे उचलून चालणार नव्हते. हमालीची दुरुस्ती पुढ्यात राहायला हवी होती. त्याचीही सोय आहे. २०१७ सालच्या २.१३ या आवृत्तीपासून 'गिट स्टॅश पुश' लिहून, पुढे दोन आडव्या रेघा देऊन फायलींची नावे दिली, की तेवढ्याच बाजूला होतात. त्या दोन फायली अशा गेल्या. तिसऱ्या फाइलीत मात्र नव्या कामाच्याही चार ओळी शिरल्या होत्या. तिथे त्याने 'पॅच' हा पर्याय जोडला. गिट एकेक तुकडा दाखवून "हा ठेवू का?" असे विचारू लागले आणि हा 'हो', 'नाही' अशी उत्तरे देत गेला, गहू निवडावेत तसे. २०२२ सालच्या २.३५ आवृत्तीपासून आणखी एक वाट आहे: हवे ते बदल आधी निवडून 'स्टेज' करायचे आणि 'स्टेज्ड' या पर्यायाने तेवढेच बाजूला ठेवायचे.

प्रत्येक वेळी त्याने खुंटीवरच्या गाठोड्याला चिठ्ठी लावली: "पट्टीचा नवा नमुना, अपुरा." मग उरलेला प्रोग्रॅम चालवून पाहिला. हमाली एकदाच कापली जात होती. कमिट केले, दुकानात धाडले आणि 'पॉप' म्हणून अर्धे काम पुन्हा पुढ्यात घेतले.

या खुंटीचे काही नियम आहेत. गिटच्या नोंदीत नसलेली कोरी फाइल ती आपणहून घेत नाही. 'अनट्रॅक्ड' असे वेगळे सांगावे लागते. परत घेताना जुन्या-नव्या ओळींची टक्कर झाली, तर गाठोडे खुंटीवरच राहते, हरवत नाही. 'क्लिअर' म्हटले, तर मात्र सारी खुंटी रिकामी होते. आणि ही खुंटी आपल्याच यंत्रात असते. काम इतरांकडे पाठवताना ती बरोबर जात नाही. यंत्र बिघडले, की तीही गेली. म्हणून चार दिवस लागणारे काम तिथे ठेवू नये; त्यासाठी स्वतंत्र 'ब्रँच' काढून कमिट करावे आणि ती दुसरीकडेही पाठवून ठेवावी.

पुतण्याच्या यादीत संध्याकाळपर्यंत एकही गाठोडे उरत नाही, हे मला सर्वांत आवडले. बाजूला ठेवणे सर्वांनाच जमते. काय ठेवायचे हे निवडणे आणि ते वेळेवर उतरवणे थोड्यांना जमते. खुंटीवरचे काम आणि भिजत घोंगडे, यांत अंतर असलेच तर ते एवढेच!