अंगणातील प्रकाश आणि बारा व्होल्टची वीज
सदर : घर आणि अंगण

दिव्याला जागा नेमून देण्याची आपल्या घरांची रीत फार जुनी आहे. कोकणातील घरापुढच्या तुळशीवृंदावनाला दिव्यापुरता कोनाडा असतो. देवळासमोर दीपमाळ असते आणि दिवेलागणीला एक पणती उंबरठ्यापाशी तेवते. सारे अंगण दिवसासारखे उजळून टाकावे अशी कल्पना त्या रीतीत नाही. तेल जपून वापरावे लागे हे त्याचे एक कारण खरेच; परंतु दिवा कोठे लागतो यावरून त्या घरात कशाला मान आहे हेही कळत असे. करारबद्ध मजूर म्हणून समुद्रापार गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला उसाच्या मळ्यावरील वस्तीतील अंधाऱ्या खोल्या आल्या. आज त्यांची पणतवंडे ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरात, स्वतःच्या बागेत राहत आहेत. तेव्हा त्या बागेत दिवा कोठे व कसा लावावा, हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

प्रश्न जिवाशीही निगडित आहे. घरातील वृद्ध माणूस तिन्हीसांजेला तुळशीपाशी जातो आणि परतताना एक पायरी चुकते, एवढ्यावर कित्येकदा घराचे सारे वर्ष बदलून जाते. दुसरीकडे, दिवाळी आली की उत्साहाच्या भरात घरातली २३० व्होल्टची वीज लांबलचक वायरीने ओल्या हिरवळीवर नेली जाते आणि तिच्यावरून मुले धावत असतात. या दोन्ही संकटांवर एकच साधा उपाय आहे. तो म्हणजे बारा व्होल्टचे बागेतील दिवे. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची मर्यादा ध्यानी घ्यावी. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही राज्यात २३० व्होल्टचे पक्के वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच केले पाहिजे. घरमालकाने त्यास हात लावणे गुन्हा आहे. प्रत्यावर्ती वीज ५० व्होल्टच्या आत असली म्हणजे ती अतिअल्प दाबाची समजतात. बारा व्होल्ट त्याच्याही पुष्कळ खाली आहेत. म्हणून भिंतीवरील सॉकेटमध्ये लावावयाचा तयार ट्रान्सफॉर्मर आणून त्याच्यापुढचे दिवे आपण स्वतः जोडू शकतो. मात्र बाहेरच्या भिंतीवर योग्य सॉकेट नसेल तर ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावे आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा सेफ्टी स्विच आहे याची त्याच्याकडून खात्री करून घ्यावी. पोहण्याचा तलाव किंवा कारंजे जवळ असल्यास तेथील नियम वेगळे व कडक आहेत. ते काम सर्वस्वी जाणकाराकडे सोपवावे.

बारा व्होल्टमध्ये विजेचा धक्का बसण्याचे भय जवळजवळ उरत नाही. परंतु दुसरी एक अडचण उभी राहते. दाब कमी झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो. चाळीस वॅटच्या दिव्यांना २३० व्होल्टवर सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह पुरतो. बारा व्होल्टवर त्यांना ३.३ अँपिअर लागतो. हा प्रवाह बारीक तारेतून दूर नेला की वाटेतच दाब घटतो आणि शेवटचे दिवे मिणमिणू लागतात. पुष्कळ जण मग दिव्याला दोष देतात. वस्तुतः दोष तारेचा असतो.

हिशेब करून पाहू. वाटेच्या कडेला चार वॅटचे आठ एलईडी दिवे व झाडाखाली आठ वॅटचा एक दिवा धरला तर एकूण ४० वॅट होतात. ट्रान्सफॉर्मर त्याच्या क्षमतेच्या चार पंचमांशापर्यंतच लादावा, या हिशेबाने ६० वॅटचा घेतला म्हणजे पुढे एखादा दिवा वाढवण्यास जागा राहते. केबल तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची आणि २५ मीटर लांबीची असेल, व सर्व दिवे टोकाशी असतील, तर जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा मिळून सुमारे १.९ व्होल्ट वाटेत खर्ची पडतात. टोकाशी जेमतेम दहा व्होल्ट पोचतात. तीच केबल चार चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. दिवे वाटेत विखुरलेले असले की घट याहून कमी होते. ट्रान्सफॉर्मर मध्यभागी ठेवून दोन बाजूंना दोन केबली काढल्या तर आणखीच उत्तम. पैसे वाचवावयाचे तर दिव्यांच्या संख्येत वाचवावेत, तारेच्या जाडीत वाचवू नयेत.

पूर्वी या कामी २० किंवा ५० वॅटचे हॅलोजन दिवे वापरीत. ते इतके तापत की त्यांवर पडलेला निलगिरीचा वाळका पाला ही काळजीचीच बाब असे. एलईडी पुष्कळ कमी तापतो व वीजही थोडी घेतो. तथापि जुना ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवून नुसते दिवे बदलताना एक सावधगिरी हवी. हॅलोजनसाठी केलेल्या काही इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरांना ठराविक किमान भार लागतो. एलईडीचा अल्प भार त्यांना पुरत नाही आणि दिवे लुकलुकू लागतात. दिवा एकदिश विजेवर चालणारा आहे की प्रत्यावर्ती, हेही खोक्यावर पाहून त्याला जुळणाराच ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

दिवा विकत घेताना त्यावरील आयपी आकडा अवश्य वाचावा. आयपी ४४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण. पाण्याची धार सोसावयाची तर आयपी ६५ हवा आणि जमिनीत पुरावयाच्या दिव्यास आयपी ६७ हवा, कारण पावसात त्याच्यावर पाणी साचते. समुद्राजवळच्या घरांनी पितळ, तांबे किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील निवडावे. खाऱ्या हवेत रंग दिलेले अ‍ॅल्युमिनियम लवकर खराब होते.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी काळोख पडल्यावर हातात टॉर्च घेऊन बागेत फिरावे आणि पाऊल कोठे अडखळते ते पाहावे. त्या जागा कागदावर टिपाव्यात. मग दिवे जमिनीवर नुसते मांडून, तात्पुरते जोडून एक रात्र पाहावेत. जागा निश्चित झाल्यावरच खणावे. खोल खणावयाचे असल्यास जमिनीखालील गॅस, पाणी व विजेच्या मार्गांची माहिती ‘बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया’ या सेवेकडून आधी मागवावी. केबल फावड्याच्या सहज आवाक्यात राहू नये म्हणून ती नळीतून न्यावी. प्रत्येक सांधा जेल भरलेल्या जलरोधक कनेक्टरने करावा; नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा ओल धरतो, गंजतो व तापतो. बारा व्होल्ट अंगाला निरुपद्रवी असले तरी सैल सांध्याची उष्णता निरुपद्रवी नसते.

आता जागांविषयी. पहिला मान पायऱ्यांचा. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ झाला. त्या घाटाच्या पायऱ्या चढूनच आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी मॉरिशसच्या भूमीवर पाऊल ठेवले. पायरीचे मोल आपल्या समाजाला निराळे सांगावे लागू नये. एक वॅटचा दिवा पायरीच्या उभ्या बाजूस, खाली झुकलेला, पुरेसा होतो. दुसरा मान वाटेचा आणि तिसरा तुळशीचा. तुळशीवर थेट झोत टाकू नये. कुंडीमागे एक मंद दिवा लपवला की पणतीची ज्योत झाकोळत नाही. कोनाड्याचे मर्म हेच आहे. तेथे दिवा दिसतो, पण डोळ्यांत जात नाही.

वृक्ष खालून वर उजळण्याची हौस मात्र आवरावी. ऑस्ट्रेलियाच्या रात्रीला तिचे स्वतःचे रहिवासी आहेत. क्वीन्सलंडमध्ये बंडाबर्गजवळच्या मॉन रेपो किनाऱ्यावर अंड्यातून निघालेली कासवाची पिले उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. किनाऱ्यावरचे दिवे त्यांना समुद्राऐवजी वस्तीकडे नेतात. वसंतात आल्प्स पर्वताकडे उडत जाणारे बोगाँग पतंग दिव्यांनी भुलून वाट चुकतात. १९८८ साली कॅनबेराच्या नव्या संसदभवनात ते झुंडीने शिरले होते, आणि २०२१ साली जागतिक निसर्ग संघाने त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. हे पतंग ताऱ्यांच्या आधारे दिशा ओळखतात, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत याविषयी जे सांगितले आहे ते घरालाही लागू पडते. दिवा खाली वळवावा, झाकावा, मंद ठेवावा, गरज संपताच विझवावा आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा, म्हणजे २७०० केल्विन किंवा त्याखालचा, निवडावा. दिवेलागणीचा रंगही तोच आहे!

शेवटी दिवाळी. दक्षिण गोलार्धात ती वसंतात येते. ऑक्टोबरच्या अखेरीस मेलबर्नला सूर्य आठच्या सुमारास मावळतो, तर घड्याळ पुढे न सरकवणाऱ्या ब्रिस्बेनला सहा वाजून काही मिनिटांनी. टायमर त्या मानाने लावावा. भारतातून आणलेल्या आकाशकंदिलाचा होल्डर व प्लग येथील विजेसाठी बनवलेला नसतो. तो अडाप्टरने बाहेरच्या सॉकेटला जोडू नये. कंदील ठेवावा, आतील होल्डर काढून टाकावा आणि तेथे बागेच्याच केबलवरून बारा व्होल्टचा एलईडी घ्यावा. माळा घेताना त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर आरसीएम ही खूण आहे की नाही ते पाहावे. एवढे केले म्हणजे मुले खुशाल कंदिलाखाली खेळोत, आजी निर्धास्तपणे तुळशीपर्यंत जावोत. रात्री अकराला टायमर बागेचे दिवे मालवील. पणत्यांचे तेल पुरेल तोवर त्या तेवत राहतील.