चाल कोणाची? ‘कट्यार’च्या गाण्यांतले दोन काळ

१/ गेल्या गणपतीत लोणंदच्या घरी आरती आटोपल्यावर मोबाइलवर ‘कट्यार काळजात घुसली’ची गाणी लागली होती. ‘घेई छंद मकरंद’ ऐकून चुलतभाऊ म्हणाला, “शंकर-एहसान-लॉय यांनी काय चाल बांधली आहे!” थोड्या वेळाने ‘सूर निरागस हो’ लागले, तेव्हा आत्या म्हणाली, “जुन्या नाट्यपदांची गोडीच वेगळी.” दोघांचेही अंदाज नेमके उलटे होते. आजचा धागा याच गोंधळाविषयी.

२/ पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक १९६७ चे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट नोव्हेंबर २०१५ चा. त्यात अभिषेकींच्या चाली नव्या गळ्यांतून येतात आणि त्यांच्या शेजारीच शंकर-एहसान-लॉय यांची संपूर्ण नवी गाणी बसतात.

३/ गळ्यांची निवडही बोलकी आहे. रंगभूमीवर खाँसाहेब गाजवले ते वसंतराव देशपांडे यांनी. पडद्यावर भूमिका सचिन पिळगांवकरांची, पण आवाज वसंतरावांचे नातू राहुल यांचा. सदाशिवसाठी गायले अभिषेकींचे शिष्य महेश काळे. ‘अरुणि किरणी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि याच ध्वनिमुद्रिकेत अरिजित सिंगही आहे.

४/ यावर जाणकारांचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : या सरमिसळीने नाट्यसंगीताचे शुद्धत्व गेले. मला तो मान्य नाही. नाट्यसंगीत जन्मतःच सरमिसळ आहे.

५/ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) साकी-दिंडीपासून कानडी वळणाच्या चालींपर्यंत सारे एकत्र नांदते. लोणंदहून मिरजेची गाडी धरली की ज्या सांगलीच्या वाटेला आपण लागतो, तिथले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी पदे बांधली ती मैफलीतल्या बंदिशींच्या आधाराने. उसनवारी होती, पण लपवाछपवी नव्हती.

६/ पुरावा हवा? संगीत नाटकाचे एखादे जुने पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल छापलेला असतो आणि बऱ्याचदा ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ गाण्याचे नाव दिलेले असते. ती एक ओळ म्हणजे ऋणाची जाहीर नोंद.

७/ ‘कट्यार’ची कथासुद्धा याच प्रश्नावर उभी आहे. एकच पद दोन गायक आपापल्या गायकीत, वेगळ्या चालीत मांडतात. ज्याला घराण्याचे दार बंद आहे तो सदाशिव चोरून ऐकत शिकतो. गाणे कोणाचे, हा नाटकाचा गाभा आहे. म्हणून पुनर्गायन हा या कलाकृतीचा अपमान ठरत नाही. तो तिचा विषयच आहे.

८/ माझी तक्रार वेगळी आहे. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचे नाव, गायक आणि फार तर २०१५ हे साल दिसते. त्यामागचे १९६७ दिसत नाही. श्रेयनामावली चित्रपटगृहातच मागे राहते. मग अभिषेकींची चाल दुसऱ्याच्या नावावर जमा होते आणि नव्या संगीतकारांची मेहनत ‘पारंपरिक’ म्हणून विसरली जाते. अन्याय दोघांवरही होतो. इतिहासाच्या वर्गात साधनाचा काळ न सांगता निष्कर्ष मांडला तर आपल्याला खाली बसवतात. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण निर्धास्त असतो.

९/ म्हणून एक छोटी विनंती. जुने गाणे नव्या आवाजात पुढे पाठवाल तेव्हा सोबत एक ओळ लिहा : मूळ चाल कोणाची, साल कोणते. घरच्या गटावर मी सुरुवात केली आहे. चुलतभावाने उत्तरादाखल वसंतरावांचे ध्वनिमुद्रण शोधून पाठवले. आत्या अजून ‘सूर निरागस हो’ जुनेच आहे म्हणते. तिच्याशी वाद पुढच्या गणपतीत.