तलावावरचे नियमफलक आणि तलावातले पाणी

सार्वजनिक जलतरण तलावांच्या नियमांत पाण्याची निगा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. पाणी जंतुमुक्त ठेवण्याचे काम क्लोरिन करते, पण नुसती पावडर ओतून भागत नाही. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा लागतो. तो ८ च्या वर गेला की तितकेच क्लोरिन बरेच निष्प्रभ ठरते. उघड्या तलावात कडक ऊनही ते नष्ट करते. म्हणून तपासणी दिवसातून अनेकदा हवी. नाकात झोंबणारा ‘क्लोरिनचा वास’ स्वच्छतेची खूण समजला जातो. प्रत्यक्षात क्लोरिनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास असतो. पोहण्याआधी अंघोळीची सक्ती त्यासाठीच असते. जुलाब झालेल्यांना मज्जाव करण्याचे कारण त्याहून गंभीर आहे: जुलाबातून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरिनमध्येही काही दिवस तग धरतो.

दुसरा भाग जिवाच्या सुरक्षेचा. खोलीचे ठळक आकडे, प्रशिक्षित जीवरक्षक, बचावाची साधने हे सर्वांना ठाऊक असते. तळाच्या निचऱ्याच्या जाळीकडे मात्र कोणी पाहत नाही. पंपाच्या ओढीने केस किंवा अंग तिथे अडकून मुले दगावली आहेत. अमेरिकेने २००७ मध्ये अशा जाळ्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला.

भारतात तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे मानक आहे. पालकांनी प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी त्या दिवसाची क्लोरिन आणि सामूची नोंद बघायला मागावी.