प्रतिगामी कोणाला म्हणायचे?

'पुरोगामी' आणि 'प्रतिगामी' ही शब्दजोडी मराठी समीक्षा इतकी वर्षे शिक्क्यासारखी वापरत आली आहे की तिच्यामागचा इतिहास तपासावा असे फारसे कोणाला वाटत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर शिक्का एकदा उमटला की 'निबंधमाले'च्या गद्याचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. या जोडीचे मूळ फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युरोपात आहे. बेंजामिन कॉन्स्तांने १७९७ मध्ये 'राजकीय प्रतिक्रिया' या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तेव्हा या शब्दाला राजकीय अर्थ नुकता चिकटत होता. पुढे त्यात 'मागे जाणे' हा अर्थ गृहीतच धरला गेला. माझा आक्षेप या गृहीतावर आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रतिक्रिया मागे गेलीच नाही. क्रांतीने घडवलेली हत्यारे उचलून ती पुढे चालत राहिली.

पाठ्यपुस्तकांतील चित्र वेगळे असते. १८१५ साली व्हिएन्नाची परिषद संपते, १८३० आणि १८४८ मध्ये उठाव होतात आणि मधल्या काळात मेटरनिख नावाचा जुनाट मुत्सद्दी घड्याळाचे काटे उलटे फिरवत बसलेला असतो. या मेटरनिखचा उजवा हात होता फ्रीडरिश गेंट्स. तो क्योनिग्जबर्गला कांटचा विद्यार्थी होता, १७८९ च्या क्रांतीचे त्याने आरंभी स्वागत केले होते, आणि १७९३ मध्ये बर्कच्या क्रांतिविरोधी ग्रंथाचा जर्मन अनुवाद करून तो विरुद्ध तीरावर गेला. व्हिएन्ना परिषदेचा सचिव तोच. प्रबोधनयुगाच्या पाठशाळेतून बाहेर पडलेला हा गृहस्थ जुनाट खचितच नव्हता.

साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे ठिकाण कार्ल्सबाड आहे. २३ मार्च १८१९ रोजी कार्ल झांड या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानहाइम येथे नाटककार कोत्सेबू याचा खून केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मन राज्यांचे मंत्री कार्ल्सबाडला जमले आणि सप्टेंबरात त्यांच्या ठरावांना जर्मन संघाच्या सभेने मान्यता दिली. विद्यापीठांवर देखरेख आली आणि मुद्रणासाठी नियम झाला: वीस फर्म्यांहून लहान असलेले काहीही पूर्वपरीक्षणाशिवाय छापता येणार नाही. आपल्या छापखान्यांतल्या सोळा पानी फर्म्याने हिशेब केला, तर ही मर्यादा ३२० पानांची होते. नियम करणाऱ्यांनी साहित्यव्यवहाराचे केलेले हे निदान अचूक होते. जाडजूड ग्रंथ महाग असतो आणि पंडितांच्या टेबलावरच राहतो. भीती होती ती चार पैशांच्या पुस्तिकेची आणि वर्तमानपत्राची. वाचक कोण, किंमत किती आणि मजकूर किती हातांतून फिरतो, याचा इतका रोकडा विचार त्या काळच्या किती टीकाकारांनी केला होता? (आमच्यापैकी किती जण आज करतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.)

लेखकांनीही उत्तर फर्म्यांतच दिले. हेर्वेगने १८४३ मध्ये संपादित केलेल्या संग्रहाचे नावच 'स्वित्झर्लंडमधून एकवीस फर्मे' असे आहे. हाइनेचे 'जर्मनी : एक हिवाळी कथा' हे जळजळीत दीर्घकाव्य १८४४ मध्ये 'नव्या कविता' या संग्रहात घालून छापले गेले, ते पानांची संख्या भरावी म्हणून. या कवितांच्या शेजारी कोणती कविता का आली याची निव्वळ सौंदर्यवादी उत्तरे देणाऱ्यांनी हा सरकारी नियम एकदा वाचावा.

फ्रान्समधील प्रतिक्रिया तर आणखी हुशार निघाली. १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले. हंगामी सरकारचा चेहरा असलेला कवी लामार्तीन त्या डिसेंबरातील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वीस हजारांच्या आसपास मतांवर अडकला. लुई नेपोलियनला चोपन्न लाखांच्या घरात मते मिळाली. ३१ मे १८५० च्या कायद्याने सुमारे तीस लाख लोकांचा मताधिकार काढून घेतला, आणि तो कोणी घेतला? निवडून आलेल्या विधानसभेने. २ डिसेंबर १८५१ ला प्रजासत्ताकाचा गळा घोटताना लुई नेपोलियनने तोच अधिकार परत जाहीर केला आणि सार्वमत जिंकले. बिस्मार्कने १८६७ मध्ये उत्तर जर्मन संघासाठी पंचवीस वर्षांवरील पुरुषांना मत दिले, ते उदारमतवाद्यांना शह देण्यासाठी. खुद्द प्रशियात मात्र कराच्या प्रमाणात मताचे वजन ठरवणारी त्रिवर्गीय पद्धत १९१८ पर्यंत टिकली. यातला कोणता निर्णय पुरोगामी आणि कोणता प्रतिगामी, हे शिक्का हाती घेतलेल्यांनी सांगावे.

लेखकांच्या बाबतीत तर हा शिक्का पार फसतो. १८२५ मध्ये दहाव्या शार्लच्या राज्याभिषेकावर स्तुतिपर काव्य लिहिणारा ह्युगो १८५१ नंतर एकोणीस वर्षे निर्वासित राहिला. राजसत्ता आणि चर्च यांच्या बाजूने लिहितो असे १८४२ च्या प्रस्तावनेत सांगणाऱ्या बाल्झाकविषयी एंगल्सने १८८८ च्या पत्रात जे कौतुक केले आहे, ते आपल्याकडील मार्क्सवादी समीक्षकांनी पुष्कळदा उद्धृत केले. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांनी मराठी लेखकांना लावला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या. तसे मुळीच नाही. बाजू होत्या, आणि त्या निवडण्याची किंमत वेगवेगळी होती. गेंट्स १८३२ मध्ये मरण पावला तो दरबारी मानमरातबात. दोन वर्षांनी गेओर्ग ब्यूख्नरने हेसच्या शेतकऱ्यांसाठी करांचा हिशेब मांडणारी एक पुस्तिका लिहिली, पाद्री वाइडिगने तिच्यावर हात फिरवला आणि ती चोरून छापली गेली. ब्यूख्नरला स्ट्रासबर्गला पळावे लागले. वाइडिग १८३७ मध्ये तुरुंगात मेला. पुस्तिका आठ पानांची होती, म्हणजे अर्धा फर्मा.